जुनं घर पाडताना

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत दोन घरांमध्ये अनेकदा एकच मातीची सामाईक भिंत असते. एका घराची तुळई ओढली, की शेजारचं छप्पर हलतं. 2019 सारख्या महापुरात भिजलेली भिंत तर वरून धड दिसली तरी आतून भुसभुशीत असू शकते. म्हणून पाडकाम जाणकार ठेकेदाराकडेच द्यावं. तो आधी वीज तोडून घेतो, शेजारच्या भिंतीला टेकू देतो आणि कौलांपासून टप्प्याटप्प्याने खाली येतो. चार मजूर हेच स्वस्तात करतील, हा आक्षेप खर्चापुरता खरा आहे. पण जपून उतरवलेलं सागवान विकलं जातं. घाईने पाडलेल्या घराचा फक्त राडारोडा उरतो. शेजाऱ्याचा जीव तर कोणत्याच हिशेबात बसत नाही.