बंब का तापत नाही?

कार्तिकी एकादशीला खालापूर तालुक्यातील साजगाव येथे बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. त्या सुमारास सह्याद्रीच्या पायथ्याला पहाटेचा गारवा जाणवू लागतो आणि ज्या घरांत अजून बंब आहे, तेथे तो पेटू लागतो. पण एखादे दिवशी लाकडे पुष्कळ जळतात, डोळ्यांत धूर जातो, आणि पाणी मात्र कोमटच राहते. अशा वेळी पुष्कळ जण आणखी लाकडे घालतात. हा काही उपाय नव्हे. आधी कारण शोधले पाहिजे.

त्यासाठी बंबाची रचना पाहू. बंब म्हणजे तांब्याचे उभे पात्र. त्याच्या मधोमध एक पोकळ नळी असते आणि नळीभोवती पाणी असते. नळीच्या तळाशी जाळी असून तीवर विस्तव असतो. जाळीतून हवा शिरते, इंधन जळते आणि तापलेले वायू वर जाता जाता आपली उष्णता नळीला देतात. तांब्यातून उष्णता लोखंडापेक्षा सुमारे ५ पट सहज वाहते, म्हणून ती लवकर पाण्यात पोहोचते. हवा, विस्तव, नळी आणि पाणी अशी ही वाट आहे. ती कोठे अडली, एवढेच आपल्याला पाहावयाचे आहे.

विस्तवच मंद असेल, तर हवा अडली आहे असे समजावे. बंब निवल्यावर जाळीतील राख झाडावी आणि नळीत साचलेली काजळी खरवडून काढावी. विस्तव चांगला फुलूनही पाणी तापत नसेल, तर दोष नळीच्या भिंतीवर असतो. आतून काजळी बसलेली नसेल, तर पाण्याच्या बाजूला क्षारांचे पांढरे कवच धरले असेल. विहिरीच्या पाण्यातील चुन्याचे क्षार तापल्यावर असे साचतात. चिंचेच्या आंबट पाण्याने पातळ थर सुटतो. जाड थर तांबटाकडून काढून घ्यावा.

थंड देशांत खोल्या उबदार ठेवण्यासाठी भिंतीशी रेडिएटर बसवितात. त्यात गरम पाणी खेळते. त्याचा माथा गार राहिला, तर आत हवा कोंडलेली असते. झडप किंचित उघडून ती सोडतात. तळ गार राहिला, तर गाळ साचलेला असतो. वस्तू निराळी, पण दोष शोधण्याची रीत तीच.

दोन गोष्टी मात्र कधीही विसरू नका. पाणी भरल्यावाचून बंब पेटवू नये; कोरड्या बंबाचे डाख वितळतात आणि तो गळू लागतो. दुसरी गोष्ट तर जिवाशीच निगडित आहे. हवा अपुरी पडली, की विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून बंद न्हाणीघरात बंब कधीही पेटवू नये. डोके जड झाले, तर तत्काळ मोकळ्या हवेत यावे आणि वडीलधाऱ्यांना हाक मारावी.

जो कारण शोधतो, त्याचे इंधन वाचते, आणि प्रसंगी प्राणही वाचतात.