पिसूच्या पोटात प्लेग तगतो कसा?

मुंबईच्या मांडवी भागात १८९६ मध्ये प्लेगने शिरकाव केला, तेव्हा हवा, धान्य, कपडे अशा साऱ्यांवर संशय घेतला गेला. उंदरापासून उंदराकडे हा रोग पिसू नेते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले. परंतु उंदराच्या उष्ण रक्तातून पिसूच्या थंड पोटात आलेला जंतू तेथे तगतो कसा, याचा उलगडा जनुकांच्या अभ्यासातूनच झाला.

‘वायएमटी’ जनुकाचे प्रथिन जंतूला पिसूच्या आतड्यात मरू देत नाही. ‘एचएमएस’ जनुकांची करामत याहून विलक्षण. ३७ अंश सेल्सिअसला त्यांची काही प्रथिने नष्ट होतात. पिसूच्या शरीरातील कमी तापमानात मात्र ती टिकतात आणि जंतूंभोवती चिकट थर साचतो. जठराच्या तोंडाशी असलेल्या काटेरी झडपेत तो बोळ्यासारखा बसतो. उपाशी पिसू पुनःपुन्हा चावते. ओढलेले रक्त जंतूंसह जखमेत परतते. ‘फॉ-पी’ हे नियंत्रक प्रथिन निकामी केल्यास असा बोळा बसलेल्या पिसवा कमी आढळतात. गंमत अशी, की पूर्वज जंतूत या थराला आवर घालणारे ‘आरसीएसए’ जनुक प्लेगच्या जंतूत निकामी झालेले आहे. गमावण्यातूनही त्याने कमावलेच!

हा केवळ इतिहास नव्हे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग आढळला होता. अशा वेळी उंदरांआधी पिसवा माराव्या लागतात. कारण मेलेल्या उंदराचे अंग थंड पडताच त्या माणसाकडे वळतात.