गच्चीवरचा कर्णा

तालुक्याच्या कोणत्याही बऱ्या वस्तीच्या गावी सर्वांत उंच इमारतीच्या गच्चीवर नजर टाकली, तर पाण्याच्या टाक्यांपलीकडे लोखंडी पाइपाला क्लॅम्पने जखडलेल्या लांबट पांढऱ्या पट्ट्या आणि लहानमोठ्या तबकड्या यांची दाटी दिसते. त्या दाटीत अलीकडे कर्ण्याच्या घडणीचे, रुंद तोंडाचे आणि आखूड अंगाचे एक उपकरण अधूनमधून दिसू लागले आहे. जेथे फायबरची तार पोहोचली नाही अशा वाड्यांना आणि शेतावरच्या घरांना हवेतून इंटरनेट पुरवणारे लोक त्याला नुसते ‘हॉर्न’ म्हणतात. दिसण्यात त्याचा कसलाही डौल नाही. त्याची योग्यता कळायची, तर ते ज्या कोलाहलात उभे आहे त्याची हकिकत आधी समजून घ्यावी लागते.

हा कोलाहल आपण राजरोसपणे, सरकारी अनुज्ञेने निर्माण केला आहे. २००५ साली केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याच्या जाचातून मोकळा केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील एकंदर ६०५ मेगाहर्ट्झचा मुलूख घराबाहेरील वापरालाही खुला करून दिला. या औदार्यामुळे लहान व्यावसायिकांना दिल्ली दरबारी खेटे न घालता आपला टॉवर उभारता आला हे खरे. परंतु ज्या फर्मानाने ही मुभा दिली त्यानेच असेही बजावून ठेवले आहे, की येथे कोणाचाही मालकी हक्क नाही, आणि शेजाऱ्याच्या लहरींचा उपद्रव झाला तरी संरक्षण मागण्याची सोय नाही. फिर्यादीला जागा नसलेल्या या इलाख्यात घरोघरचे राऊटर, कॅमेऱ्यांचे दुवे आणि प्रतिस्पर्धी पुरवठादारांचे टॉवर एकाच वेळी बोलत असतात.

या बोलण्याचा हिशेब डेसिबलमध्ये होतो. वीस मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये, साध्या तपमानाला, पदार्थमात्राच्या उष्णतेमुळेच उणे १०१ डीबीएम (म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) इतका गोंगाट असतो, आणि यंत्राचे स्वतःचे दोष मिळवले की तो उणे ९५ च्या आसपास येतो. ग्राहकाचा सिग्नल उणे ६० ला पोहोचत असेल, तर मधले पस्तीस डेसिबलचे अंतर एका स्पंदात आठ बिट वाहून नेण्यास पुरेसे ठरते. पण परक्या टॉवरांनी गोंगाटाची पातळी उणे ७५ पर्यंत चढवली, की तेच अंतर पंधरावर येते आणि आठांचे जेमतेम चार बिट उरतात. शिवाय वाय-फायच्या शिरस्त्याप्रमाणे यंत्र बोलण्यापूर्वी कानोसा घेते, आणि दुसरे कोणी बोलत असल्यास थांबून राहते. मोबाइलवर सिग्नलच्या रेघा भरलेल्या असूनही चित्रफीत का अडते, या ग्राहकाच्या नित्याच्या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा या दोन गोष्टींत असते.

अशा वेळी जोर वाढवावा, ही पहिली बुद्धी होते. परंतु २.४ गिगाहर्ट्झवर आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या परिसरात झोताच्या परिणामी शक्तीवर चार वॅटची मर्यादा आहे. आणि ती नसती, तरी एकाने जोर वाढवला की शेजारी वाढवतो, आणि शेवटी सर्वांच्या वाट्याला पूर्वीपेक्षा अधिक गोंगाट येतो. खरा इलाज ऐकण्याच्या बाजूला आहे. ॲंटेना ज्या दिशांना बोलते त्याच दिशांचे ऐकते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. गच्चीवरच्या लांबट पट्टीला, म्हणजे सेक्टर ॲंटेनाला, मुख्य झोताखेरीज बाजूला आणि पाठीमागे अनेक उपझोत असतात. नव्वद अंशांचा प्रदेश सांभाळण्यासाठी बसवलेली ती पट्टी, उंचावर असल्यामुळे, पाठीमागच्या बाजारपेठेचेही सारे काही ऐकत राहते. हॉर्नमध्ये अरुंद नळीतून आलेली लहर हळूहळू रुंदावत जाणाऱ्या धातूच्या भिंतींच्या आधाराने मोकळ्या हवेत उतरते. या संक्रमणात धक्का नसल्यामुळे, नीट घडवलेल्या हॉर्नला उपझोत जवळजवळ उरत नाहीत. टांग्याच्या घोड्याला झापडे लावावीत, तसा हा कर्णा नेमून दिलेल्या वाटेपलीकडचे फारसे काही लक्षात घेत नाही.

ही युक्ती आजची नव्हे, आणि तिच्या उगमाशी एका भारतीयाचे नाव आहे. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करताना त्या गोळा करण्यासाठी असेच रुंद होत जाणारे कर्णे योजले होते, आणि १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपली उपकरणे विद्वानांपुढे मांडली. पुढे अमेरिकेत न्यू जर्सीतील होल्मडेल येथे बेल प्रयोगशाळेने उपग्रहसंदेशांसाठी एक प्रचंड कर्णा उभारला. १९६४ मध्ये आर्नो पेन्झियास व रॉबर्ट विल्सन यांना त्यात सर्व दिशांनी सारखाच येणारा एक मंद गोंगाट आढळला. कर्ण्यात घरटे केलेली कबुतरे हुसकावली, त्यांची घाण खरवडून काढली, तरी तो हटेना. तो विश्वाच्या आरंभकाळाचा अवशेष होता, आणि त्याबद्दल १९७८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आजूबाजूच्या जमिनीचा आणि शहरांचा गोंगाट कर्ण्याने बाहेर ठेवला म्हणूनच एवढा क्षीण गोंगाट ओळखू आला.

गच्चीवरचे काम याहून साधे, पण तितक्याच निष्ठेचे असते. कारागीर प्रथम स्कॅन करून कोणते चॅनेल कमी वर्दळीचे आहे ते पाहतो. मग नट अर्धवट सैल ठेवून हॉर्न बोटभर डावीकडे, बोटभर खाली असा फिरवीत, समोरच्या वाडीवर असलेला सोबती फोनवरून सांगत असलेले आकडे ऐकतो, आणि सिग्नलबरोबर गोंगाटाचा आकडाही समाधानकारक झाला की नट आवळतो. चॅनेल ऐंशी मेगाहर्ट्झचे वीसवर आणणे, ग्राहकांची तबकडी मजबूत असल्यास शक्ती उतरवणे आणि एका गच्चीवरच्या सर्व यंत्रांना उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून एकाच वेळी बोलायला व एकाच वेळी ऐकायला लावणे, ही पथ्ये पाळली नाहीत तर उत्तम हॉर्नही फुकट जातो.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याची पोहोच सेक्टरपेक्षा काही डेसिबलनी उणी असते. म्हणून जेथे गोंगाटच नाही अशा निर्जन माळावर दहा मैलांवरचे एकटे घर जोडायचे असेल, तर तेथे हॉर्न बसवणे हा अपव्यय होय. झाडांची वा इमारतींची आडकाठीही तो दूर करू शकत नाही. परंतु दाट वस्तीत, जेथे सिग्नल पुरेसा आहे आणि शांतता नाही, तेथे थोडी पोहोच देऊन पुष्कळ शांतता मिळवण्याचा हा सौदा निःसंशय किफायतीचा आहे. नव्या टॉवरचा खर्च मांडणाऱ्याने अधिक शक्तीचे यंत्र मागवण्यापूर्वी एक दिवस स्कॅन करण्यात घालवावा, आणि मगच ॲंटेना निवडावी.