भरपाई कोणी द्यायची?

बलात्काराच्या खटल्याचा निकाल लागला, की वर्तमानपत्रातली बातमी ‘किती वर्षांची शिक्षा’ एवढ्यावर संपते. त्या स्त्रीच्या उपचारांचा खर्च, बुडालेला रोजगार, सुटलेले शिक्षण, सोडावे लागलेले गाव यांचा हिशेब बातमीत नसतो. कायद्यात मात्र त्याला जागा आहे. या विषयावरचे निकाल वाचताना मला ती जागा तीन शब्दांत विभागलेली दिसली : दंड, साहाय्य आणि नुकसानभरपाई. पैसा तिन्हींत असतो. तो कोणाच्या खिशातून येतो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

पहिला शब्द दंडाचा. दंड हा सरकारजमा होणारा पैसा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ ने त्यातून पीडित व्यक्तीला भरपाई देण्याची मुभा न्यायालयाला दिली. पण एका अटीवर. अशी भरपाई त्या व्यक्तीला दिवाणी न्यायालयातून वसूल करता येण्याजोगी आहे, असे न्यायालयाचे मत हवे. पुढे दिवाणी दावा झाला, तर आधी मिळालेली रक्कम तेथे विचारात घ्यावी, असेही तेच कलम सांगत होते. म्हणजे दिवाणी दावा होऊ शकतो, हे फौजदारी कायद्याने गृहीतच धरले होते.

दुसरा शब्द साहाय्याचा. १९९३ मध्ये रांचीहून दिल्लीला निघालेल्या मुरी एक्स्प्रेसमध्ये घरकाम करणाऱ्या मुलींवर लष्करी जवानांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आरोपी दोषी ठरो वा न ठरो, भरपाईसाठी स्वतंत्र मंडळ असावे. कायद्याला त्यानंतर दीड दशक लागले. २००९ च्या अखेरीस कलम ३५७-अ अमलात आले आणि राज्यांवर भरपाईची योजना आखण्याची जबाबदारी आली. आरोपी सापडलाच नाही, तरीही अर्ज करता येऊ लागला. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ‘मनोधैर्य’ योजना आणली. २०१८ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने बलात्कारासाठी चार ते सात लाख रुपये अशी चौकट आखली.

हे सारे आवश्यकच आहे. परंतु हा पैसा तिजोरीतून येतो. सरकार म्हणते, ‘तुला आधार देतो.’ ‘हे मी केले, त्याचे देणे मी लागतो,’ हे वाक्य त्यात कोणीच उच्चारत नाही.

ते वाक्य वदवून घेणारा तिसरा शब्द नुकसानभरपाई. हावडा प्रकरणात त्याचे महत्त्व उघड झाले. फेब्रुवारी १९९८ मध्ये हावडा स्थानकाच्या यात्री निवासात एका बांगलादेशी स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. आरोपींत रेल्वेचे कर्मचारी होते. वकील चंद्रिमा दास यांच्या याचिकेवर कोलकाता उच्च न्यायालयाने दहा लाख रुपये देण्याचा आदेश रेल्वेला दिला. रेल्वेचा एक बचाव असा, की हा खासगी कायद्याचा विषय आहे, तेव्हा तिने दिवाणी न्यायालयात जावे. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : जगण्याचा मूलभूत हक्क परदेशी स्त्रीलाही आहे आणि तो मोडणारे सरकारी कर्मचारी असतील, तर सरकारला उत्तर द्यावे लागेल.

प्रश्न उरतो तो अत्याचार करणारा खासगी माणूस असेल तेव्हाचा. तेथे दिवाणी दाव्याचा मार्ग खुला आहे, पण जवळजवळ ओस. कारणे समजण्याजोगी आहेत. फौजदारी खटल्याबरोबर दुसरी, वर्षानुवर्षांची लढाई कोण अंगावर घेणार? बलात्काराचा खटला बंद दालनात चालवणे फौजदारी न्यायालयाला सामान्यतः बंधनकारक असते. दिवाणी न्यायालयात ते न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे. हुकूमनामा मिळाला, तरी वसुलीची दरखास्त वेगळी. आणि सर्वांत वर तो जुना टोमणा : ‘पैशासाठीच केलं सगळं.’

तरीही या वाटेचे दोन गुण नजरेआड करू नयेत. फौजदारी खटला सरकारचा असतो, स्त्री त्यात साक्षीदार. दिवाणी दाव्यात ती वादी असते, दावा तिचा असतो. शिवाय तेथे संशयातीत पुरावा लागत नाही. कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय, एवढे पाहिले जाते. न्यूयॉर्कमध्ये लेखिका ई. जीन कॅरोल यांनी याच निकषावर डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध दावा चालवला आणि मे २०२३ मध्ये ज्यूरीने त्यांना पन्नास लाख डॉलर देवविले. घटना सुमारे तीन दशकांपूर्वीची होती. दाव्यासाठी मुदतीची खिडकी तिथल्या विधिमंडळाने २०२२ मध्ये खास उघडली होती.

आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे आणि तो दिवाणी दाव्यालाही लागू आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ज्या कचेरीत ती भरपाईचा अर्ज द्यायला जाते, त्याच कचेरीत तिला हा दुसरा मार्गही सांगितला गेला पाहिजे. त्या वाटेने जायचे की नाही, हे तिने ठरवावे. पैसे मागणे म्हणजे अब्रूचे मोल करणे नव्हे. अपघातात पाय गमावलेल्या माणसाने भरपाई मागितली, तर त्याने पाय विकला असे आपण म्हणत नाही.