विश्लेषण : शिकागोतील कोणत्या गोळीबाराची बातमी होते आणि कोणत्या नाही?

शिकागोच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, की घरात पहिली चर्चा फीची होते. दुसरा प्रश्न ठरलेला असतो, ‘तिथे गोळीबार फार होतात म्हणे, मुलाला पाठवायचे का?’ या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. शिकागोच्या काही भागांत गोळीबार ही वर्षानुवर्षे रोजची गोष्ट आहे, तर त्याच शहरातील काही भागांत वर्षभरात एकही खून होत नाही. मात्र फरक केवळ गोळ्यांचा नाही. गोळी कोणत्या भागात झाडली गेली, यावर तिची बातमी किती मोठी होणार, तपास किती लागणार आणि कायदा बदलणार की नाही, हेही बरेचसे ठरते. ते कसे, याचा हा आढावा.

४ जुलै २०२२ रोजी काय घडले?

अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी शिकागोच्या उत्तरेकडील हायलंड पार्क या सुखवस्तू उपनगरात संचलनावर एका तरुणाने छतावरून गोळीबार केला. त्यात सात जणांचा मृत्यू झाला आणि कित्येक जण जखमी झाले. जगभरातील वृत्तसंकेतस्थळांवर ही ठळक बातमी होती. त्याच सुटीच्या तीन-चार दिवसांत शिकागो शहराच्या हद्दीत साठहून अधिक जणांना गोळ्या लागल्या होत्या आणि त्यातील किमान आठ जण दगावले. हे गोळीबार वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी झाले. त्यांची बातमी आली ती बहुतांशी एकत्रित आकड्याच्या रूपात.

संचलनावरील हल्ला अनपेक्षित होता, एकाच वेळी अनेक जण मारले गेले, त्यामुळे त्याची मोठी दखल घेतली जाणे स्वाभाविकच. प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. ‘तिथे हे होतच असते’ असे एकदा ठरले, की त्या भागातील मृत्यूंना नाव-चेहरा उरत नाही.

शहरात गोळीबार नेमका कुठे होतो?

शिकागोची लोकसंख्या सुमारे २७ लाख. शहराची विभागणी ७७ भागांत केली जाते. उत्तरेला लिंकन पार्क, लेकव्ह्यूसारखे संपन्न भाग आहेत. दक्षिणेला एंगलवूड, पश्चिमेला ऑस्टिन, वेस्ट गारफिल्ड पार्क, नॉर्थ लॉनडेल या भागांत हिंसाचार एकवटलेला आहे. शहरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण एकतृतीयांशापेक्षा कमी आहे. खून झालेल्यांमध्ये मात्र साधारण चारपैकी तीन जण कृष्णवर्णीय असतात.

२०२१ मध्ये शहरात आठशेच्या आसपास खून झाले, तो २५ वर्षांतील उच्चांक होता. २०२४ मध्ये ही संख्या ५७३ वर आली आणि त्यानंतरही घट सुरू राहिली. ही मोठी सुधारणा आहे, पण नकाशावरील जास्त झळ बसणारे भाग तेच आहेत.

या भागांतही सगळेच रहिवासी टोळीत नसतात. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाख्रिस्टोस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गोळी लागून बचावलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के जण अशा गुन्हेगारी संपर्कजाळ्यांत सापडतात, ज्यांत शहराची सहा टक्क्यांहून कमी लोकसंख्या येते. म्हणजेच एंगलवूडमधील बहुसंख्य लोक कामावर जाणारे, मुलांना शाळेत सोडणारे, रात्री आवाज आला की खिडकीपासून दूर सरकणारे सामान्य नागरिक आहेत.

हे भाग असे का झाले?

विसाव्या शतकात दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय रोजगारासाठी उत्तरेकडील शहरांत आले. शिकागोत त्यांना ठरावीक पट्ट्यातच राहू दिले गेले. घर कृष्णवर्णीयांना विकायचे नाही, अशा अटी खरेदीखतांत असत. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयामार्फत अंमलबजावणी करता येणार नाही, असा निकाल दिला. १९३०च्या दशकात सरकारी संस्थेने तयार केलेल्या नकाशांत कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात दाखवल्या गेल्या, म्हणजे कर्जासाठी ‘धोकादायक’. पुढे पोलाद कारखाने बंद पडले. १९८० मध्ये विस्कॉन्सिन स्टील, तर १९९२ मध्ये यूएस स्टीलचा साऊथ वर्क्स. २०१३ मध्ये शहराने सुमारे ५० सरकारी शाळा बंद केल्या, त्यातील बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या होत्या.

बंदुका मात्र बाहेरून येत राहिल्या. शहर प्रशासनाच्या २०१७च्या अहवालानुसार, गुन्ह्यांच्या तपासात मिळालेल्या आणि माग काढता आलेल्या बंदुकांपैकी सुमारे ६० टक्के अन्य राज्यांतील होत्या. त्यात सर्वाधिक शेजारच्या इंडियाना राज्यातील, जिथे बंदूक खरेदीचे नियम सैल आहेत.

दुर्लक्ष मोजता येते का?

काही प्रमाणात येते. केली व्हाइट, फॉरेस्ट स्टुअर्ट आणि शॅनन मॉरिसी या संशोधकांनी शिकागोत २०१६ मध्ये झालेल्या खुनांच्या बातम्या तपासल्या. कृष्णवर्णीय बहुसंख्य भागांत मारल्या गेलेल्यांना श्वेतवर्णीय बहुसंख्य भागांतील बळींपेक्षा कमी बातम्या मिळाल्या. ती व्यक्ती कोण होती, काय करायची, तिच्या मागे कोण आहे, हे सांगणाऱ्या बातम्या तर आणखी कमी.

तपासातही असाच फरक दिसतो. डब्ल्यूबीईझेड या शिकागोतील रेडिओ केंद्राने जानेवारी २०१८ पासूनच्या १९ महिन्यांच्या पोलीस नोंदी तपासल्या. बळी श्वेतवर्णीय असलेल्या ४७ टक्के खुनांचा छडा लागला होता. बळी कृष्णवर्णीय असेल तर हे प्रमाण २२ टक्क्यांहून कमी होते. साक्षीदार पुढे येत नाहीत, हे पोलिसांचे नेहमीचे स्पष्टीकरण असते. पण मारेकरी मोकळा फिरत असेल तर साक्ष देण्याची हिंमत कोण करणार? मग काही जण स्वतःच हिशेब चुकता करायला निघतात आणि पुढचा गोळीबार होतो.

रुग्णालयाचा यात काय संबंध?

गोळी लागल्यानंतर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. गंभीर जखमींवर तातडीने शस्त्रक्रिया करणारे प्रौढांसाठीचे सुसज्ज ट्रॉमा सेंटर शहराच्या दक्षिण भागात १९९१ नंतर एकही उरले नव्हते. २०१० मध्ये १८ वर्षांच्या एका युवा कार्यकर्त्याला शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयाजवळच भरकटलेली गोळी लागली. त्या रुग्णालयात लहान मुलांसाठी ट्रॉमा विभाग होता, पण हा तरुण वयाच्या अटीत बसत नव्हता. त्याला दहा किलोमीटरहून अधिक दूर, शहराच्या मध्यभागातील रुग्णालयात नेण्यात आले. तिथे त्याचा मृत्यू झाला.

त्याच्या साथीदारांनी आंदोलन उभारले. मोर्चे, धरणे, अटका असे बरेच काही झाले. २०१३ मधील एका अभ्यासाने त्यांच्या मागणीला बळ दिले. ट्रॉमा सेंटरपासून पाच मैलांहून, म्हणजे आठ किलोमीटरहून दूर गोळी लागलेल्यांचा मृत्यू होण्याची शक्यता अधिक असल्याचे त्यात आढळले. अखेर मे २०१८ मध्ये विद्यापीठाने प्रौढांसाठी ट्रॉमा सेंटर सुरू केले. या मागणीला आठ वर्षे लागली.

आणि कायद्याला किती वेळ लागला?

हायलंड पार्कनंतर जेमतेम सहा महिन्यांनी, १० जानेवारी २०२३ रोजी इलिनॉयचे गव्हर्नर जे. बी. प्रिट्झकर यांनी लष्करी पद्धतीच्या रायफलींच्या विक्रीवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. हा कायदा आवश्यक नव्हता असे नाही. साध्या बंदुकीतून धडाधड गोळ्या झाडता येतील अशा उपकरणांवरही त्यात निर्बंध आहेत आणि त्याचा शहरालाही उपयोग आहे. तरीही शिकागोतील बहुतेक बळी रायफलीचे नव्हे, तर खिशात मावणाऱ्या हँडगनचे असतात. ज्या घटनेने लोक हादरले, त्या घटनेतील शस्त्र कायद्याच्या केंद्रस्थानी आले.

दक्षिण भागातील मृत्यूची दखल कधीच घेतली जात नाही का?

घेतली जाते, पण बहुधा काही वेगळा धागा जुळला तरच. हदिया पेंडल्टन या १५ वर्षांच्या मुलीचा २९ जानेवारी २०१३ रोजी दक्षिण भागातील एका उद्यानात गोळी लागून मृत्यू झाला. आठवडाभरापूर्वीच तिने बराक ओबामा यांच्या दुसऱ्या शपथविधीच्या सोहळ्यात शाळेच्या पथकासह भाग घेतला होता. ओबामांचे शिकागोतील घर त्या उद्यानापासून जवळच होते. मिशेल ओबामा तिच्या अंत्यविधीला आल्या आणि अध्यक्षांनी काँग्रेससमोरील भाषणात तिचा उल्लेख केला.

तिच्या मैत्रिणींनी आठवण म्हणून नारिंगी रंग निवडला. जंगलात शिकारी नारिंगी कपडे घालतात, ते दुसऱ्या शिकाऱ्याला आपण दिसावे आणि त्याने गोळी झाडू नये म्हणून. ‘आम्ही दिसतो आहोत ना?’ हाच त्या रंगाचा अर्थ. आज जूनच्या पहिल्या शुक्रवारी अमेरिकाभर बंदूक हिंसाचारविरोधी दिवस पाळला जातो, त्याचे मूळ या मुलींच्या कल्पनेत आहे.

रहिवाशांनी काय केले?

७ जुलै २०१८ रोजी दक्षिण भागातील हजारो लोकांनी डॅन रायन हा महामार्ग रोखला. पुढच्याच महिन्यात, २ ऑगस्टला दुसरा मोर्चा निघाला तो थेट उत्तरेकडील लेकव्ह्यूमध्ये, रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानाच्या दिशेने. जिथे गोळ्या चालतात तिथे मोर्चे काढून झाले होते. जिथे चालत नाहीत, तिथल्या लोकांनी काही काळ तरी याकडे पाहावे, हा उद्देश होता. त्याआधीही, २०००च्या सुमारास साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी वेस्ट गारफिल्ड पार्कमध्ये वेगळा प्रयोग सुरू केला होता. त्याच वस्तीतील, टोळ्यांची भाषा जाणणारी माणसे भांडण पेटण्याआधी मध्ये पडतात. आता शहरात अनेक संस्था असे काम करतात.

मग मुलाला पाठवायचे का?

‘शिकागो धोकादायक’ हे वाक्य जितके ढोबळ आहे, तितकेच ‘आपल्या एरियात काही होत नाही’ हेही. भारतीय विद्यार्थ्यांना परिचित असलेली इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी दक्षिण भागातील ब्रॉन्झव्हिल या ऐतिहासिक कृष्णवर्णीय वस्तीत आहे आणि अनेक विद्यार्थी तिथे शिकून, पदवी घेऊन बाहेर पडतात. राहण्याची जागा कुठे, रात्री येण्या-जाण्याची सोय काय, विद्यापीठाची वाहनसेवा आहे का, हे प्रश्न विचारायलाच हवेत.

हाच प्रश्न एंगलवूडमधील आईही विचारते, मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवायचे का? आपल्यापुढे शहर निवडण्याचा पर्याय असतो, तिच्यापुढे तो नसतो. शिकागोतील खून कमी होत आहेत, ही बातमी खरी आणि दिलासा देणारी आहे. तिच्या घरापाशी झालेल्या गोळीबारातही आरोपी सापडतो का, हे आता पाहावे लागेल.