हिवाळ्यातले केस : दोष थंडीचा की बादलीतल्या पाण्याचा?

डिसेंबर उजाडला की निफाडचं नाव वर्तमानपत्रांत झळकू लागतं. पारा पाच अंशांच्या आसपास उतरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, गोंदियाने नागपूरला मागे टाकलं, अशा बातम्या रोज येतात. त्याच सुमारास घरोघरी आणखी काही घडत असतं, पण त्याची बातमी होत नाही. फळीवरची खोबरेलाची बाटली गोठते. काळ्या शर्टाच्या खांद्यावर पांढरा भुगा दिसायला लागतो. आणि सलूनच्या खुर्चीत बसल्या बसल्या गिऱ्हाईक सांगतं, ‘दादा, थंडी सुरू झाली आणि केस गळायला लागले बघा.’

ही तक्रार खरी असते, पण तिचा दोष बहुतेक वेळा चुकीच्या जागी दिला जातो. हिवाळ्यात पुरुषांच्या केसांचे जे हाल होतात त्यात थंडीचा वाटा थोडा असतो. मोठा वाटा थंडीपासून वाचण्यासाठी आपण जे करतो त्याचा: कढत पाणी, अंगाचाच साबण डोक्याला, ओल्या केसांवर चढवलेली कानटोपी आणि कोंड्यावर थापलेलं तेल.

आधी हवेचं गणित पाहू. ३० अंश तापमानाची हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, तर १० अंशांची हवा जेमतेम ९ ग्रॅम. पहाटेची गार हवा दमट वाटली तरी तिच्यातलं पाणी मुळात कमी असतं. दुपारी तीच हवा २८ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास येते. अशी तहानलेली हवा मिळेल तिथून पाणी ओढून घेते. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात आणि केस राठ होतात, ते यामुळेच.

केस हा तसा निर्जीव धागा आहे. केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा हा धागा दमट हवेत आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषू शकतो आणि कोरड्या हवेत ते सोडून देतो. त्याच्या पृष्ठभागावर घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात. खवले नीट मिटलेले असले की केस चमकतो, हाताला मऊ लागतो. ते उचलले गेले की केस केसात अडकतो, कंगवा ओढतो आणि टोकं तुटतात.

शाळेत सगळ्यांनीच एक खेळ खेळलेला असतो. प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासायचा आणि त्याने कागदाचे कपटे उचलायचे. हा खेळ पावसाळ्यात फसतो आणि जानेवारीत हमखास जमतो. दमट हवेत केसांवर साचलेला विद्युतभार निघून जातो, कोरड्या हवेत तो तिथेच राहतो. लोकरीची टोपी काढल्यावर केस चटचट आवाज करत ताठ उभे राहतात, तेही याच कारणाने. त्यावर जेलचा आणखी एक थर देण्याची गरज नसते. लाकडी कंगवा वापरला किंवा तळव्यावर तेलाचा एक थेंब चोळून तो हात केसांवरून फिरवला, तरी केस बसतात.

आता बादलीकडे वळू. बंबातलं असो की गिझरचं, थंडीतल्या आंघोळीचं पाणी वाफाळतं हवं असा आपला हट्ट असतो. अंगावर ते सुखाचं वाटतं. डोक्याची त्वचा मात्र तैलग्रंथींतून येणाऱ्या स्निग्ध पदार्थाचा पातळ थर बाळगून असते, आणि हाच थर तिच्यातली ओल टिकवतो. कढत पाण्याने तो लवकर सुटतो. त्यात बहुतेक पुरुष अंगाला लावलेला साबणच डोक्यावर फिरवतात. डोक्याच्या त्वचेचा सामू साधारण ५.५ असतो, केसाचा त्याहून आम्ल, ३.७ च्या जवळ. आंघोळीच्या नेहमीच्या साबणाचा मात्र ९ ते १० असतो. अशा अल्कधर्मी फेसात केस फुगतो, खवले उघडतात. घरात बोअरवेलचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार आणि साबण मिळून तयार झालेला चिकट साका केसांवरच बसतो. ‘धुऊनसुद्धा केस चिकट लागतात’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथे सापडतं. आजीच्या शिकेकाईचा काढा मुळात किंचित आम्ल असतो. तो साबणाइतका केसांना छळत नव्हता, याचं एक कारण हे आहे.

उपाय सोपा आहे. डोक्यासाठी पाणी कोमट ठेवावं आणि केस शाम्पूने धुवावेत. घाम फारसा येत नसेल तर हिवाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा धुणं बहुतेकांना पुरतं. शाम्पू त्वचेवर चोळायचा, केसांची टोकं खाली येणाऱ्या फेसानेच स्वच्छ होतात. कंडिशनर ही बायकांची वस्तू असा समज अजून आहे. केस दोन-तीन इंचांहून लांब असतील तर पुरुषांनाही तो उपयोगी पडतो. मात्र तो केसांच्या टोकांना लावावा, त्वचेला नाही.

खांद्यावरचा पांढरा भुगा नीट पाहायला हवा, कारण तो दोन प्रकारचा असतो. बारीक, कोरडा, फुंकरीने उडणारा भुगा असेल आणि डोक्यासोबत हातापायांची कातडीही ओढत असेल, तर ती त्वचा कोरडी पडली आहे. अशा वेळी पाणी कोमट केलं आणि तेल लावलं की आठवड्याभरात फरक जाणवतो. पापुद्रे मोठे, पिवळसर, तेलकट असतील आणि खाज सुटत असेल, तर तो खरा कोंडा. त्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ती बहुतेक सगळ्यांच्याच डोक्यावर राहते. तिला स्वतःची मेदाम्लं तयार करता येत नाहीत, म्हणून ती आपल्या त्वचेच्या तेलावर जगते. ते पचवताना मागे राहणाऱ्या ओलेइक आम्लाने काहींच्या त्वचेची आग होते आणि पापुद्रे सुटू लागतात. पुरुषांच्या डोक्याची त्वचा अधिक तेलकट असते, त्यामुळे कोंडाही त्यांच्यात जास्त आढळतो. केस कोरडे आणि त्वचा तेलकट, अशी हिवाळ्यातली विचित्र जोडी पुरुषांच्या डोक्यावर दिसते ती यामुळे.

अशा कोंड्यावर रात्रभर तेल थापून ठेवणं म्हणजे बुरशीला जेवायला वाढणं. इथे कामाला येतो औषधी शाम्पू. केटोकोनॅझोलचा शाम्पू लावून लगेच धुऊन टाकला तर फुकट जातो. तो तीन ते पाच मिनिटं त्वचेवर राहू द्यावा लागतो, आणि आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरावा लागतो. तेवढ्याने फरक पडला नाही, किंवा भुवया आणि नाकाच्या कडेलाही पापुद्रे दिसू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

मग तेल लावायचं की नाही? कोंडा नसेल तर जरूर लावावं. २००३ साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी मुंबईत केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुण्या-विंचरण्यात केसांतलं जे प्रथिन वाया जातं, ते लक्षणीय प्रमाणात वाचवण्यात तिघांपैकी एकटं खोबरेल यशस्वी ठरलं. दोघेही खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातले होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावं. पण त्यांनी दिलेलं कारण रसायनशास्त्राला धरून आहे. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. इतर दोन तेलं बरीचशी वरच राहतात. म्हणजे दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचा क्रम, आधी तेल आणि मग स्नान, केसांच्या दृष्टीने नेमका आहे. न्हाण्याआधी अर्धा-पाऊण तास लावलेलं तेल काम करतं आणि जास्तीचं धुऊन जातं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून बाटली गॅसवर तापवू नये. ओट्यावरच्या उन्हात किंवा गरम पाण्याच्या तांब्यात ती दहा मिनिटं ठेवली की पुरे.

केस वाळवण्याचा मुद्दा थंडीत जास्त महत्त्वाचा ठरतो. भिजलेला केस फुगलेला आणि ताणला जाणारा असतो, त्यावर टॉवेल खसाखसा घासला की तुटतो. टिपून घ्यावा. हेअर ड्रायरने केस जळतात म्हणून पुष्कळ पुरुष तो वापरत नाहीत. कोरियातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत बरंच सांगून जातो. ड्रायर ५ सेंटिमीटरवर धरला तेव्हा केसांवर ९५ अंशांची उष्णता पोचली, १५ सेंटिमीटरवर ती ४७ अंश होती. जवळून दिलेल्या उष्णतेने केसांचा पृष्ठभाग खराब झाला. पण आपोआप वाळू दिलेले केसही सुटले नाहीत. फार वेळ ओले राहिल्याने त्यांच्या आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराला इजा झाली. ड्रायर वीतभर लांब धरून सतत हलवत ठेवणं, हा त्यांनी सुचवलेला मार्ग.

ओल्या केसांवर टोपी किंवा हेल्मेट चढवू नये, हे त्यातूनच आलं. पुण्यात सकाळी आठच्या ऑफिसला दुचाकीवर निघणाऱ्याला दहा मिनिटं लवकर उठावं लागेल, पण आत कोंडलेली ओल आणि उब बुरशीला फार मानवते. खेड्यातली जुनी माणसं आधी सुती टॉवेलची टापर बांधतात आणि त्यावर मफलर गुंडाळतात. लोकर थेट केसांवर घासली जात नाही, घाम सुती कापड शोषून घेतं. हेल्मेटखाली सुती रुमाल बांधला तर तोच फायदा मिळतो. मात्र तो रुमाल आणि टोपी दर आठवड्याला धुवायला हवी, आणि घरातल्या चौघांनी एकच माकडटोपी वापरू नये.

आता ‘थंडीत केस गळतात’ या वाक्याकडे. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात व्हॅलरी रँडल आणि एफ. जे. एब्लिंग यांनी १४ पुरुषांच्या केसांवर १८ महिने लक्ष ठेवलं आणि १९९१ साली निष्कर्ष मांडले. केस सर्वांत जास्त गळले ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, रोज सरासरी ६० च्या घरात. हिवाळ्यात हा आकडा त्याच्या निम्म्याहून कमी होता. दाढी मात्र जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत सावकाश वाढली आणि जुलैत सर्वांत झपाट्याने. शेफिल्डचं हवामान आपलं नव्हे, तेव्हा महिने जसेच्या तसे इकडे लावता येत नाहीत. पण कडाक्याच्या थंडीनेच केस गळतात, या समजाला या अभ्यासात आधार मिळत नाही.

मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोरीच्या जाळीवर दिसणाऱ्या पुंजक्याचं काय? एक शक्यता सहज नजरेआड होते. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळू लागतात. तापाच्या धक्क्याने पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ती अवस्था संपली की गळतात. आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड यांची लाट येते ती पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी. सप्टेंबरच्या तापाची वसुली डिसेंबरात होते आणि नाव थंडीचं खराब होतं. असे केस बहुधा सहा महिन्यांत परत येतात. रोज ५० ते १०० केस गळणं हे तर बारा महिने चालू असतं. कपाळ मागे सरकत असेल किंवा टाळू विरळ होत असेल, तर तो आनुवंशिकतेचा आणि संप्रेरकांचा भाग आहे. तेल बदलून तो थांबत नाही, त्यासाठी डॉक्टरच गाठावेत. रुपयाएवढे गोल चट्टे पडले तरी तसंच.

राहता राहिली ठेवण. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, म्हणजे केस सर्वांत रुक्ष असतात तेव्हाच ते सर्वांत देखणे दिसायला हवे असतात. सलूनमध्ये बाजूंना एक नंबरची मशीन लावली की केस ३ मिलिमीटर उरतात, दोनची लावली तर ६ आणि तीनची लावली तर साधारण १०. थंडीत दोन किंवा तीन नंबर सांगावा: कानशिलं उघडी पडत नाहीत आणि कोरडी त्वचाही चमकून दिसत नाही. वर दोन इंच ठेवले तर टोपी किंवा हेल्मेट काढल्यावर ओल्या बोटांनी ते पुन्हा उभे करता येतात. कडक होणाऱ्या जेलमध्ये बहुधा अल्कोहोल असतं, ते केस आणखी कोरडे करतं आणि त्याचे वाळलेले कण कोंड्यासारखे दिसतात. त्याऐवजी वाटाण्याएवढं क्रीम किंवा पोमेड तळव्यांवर चोळून लावावं आणि रात्री धुऊन टाकावं. नवरदेवाने फेट्याच्या दिवशी काहीच लावू नये. फेटा चार-पाच तास डोक्यावर राहतो, आत घामाचा आणि जेलचा चिखल होतो. दाढीलाही तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. ते केसांना लावून भागत नाही, बोटांनी खालच्या कातडीपर्यंत पोचवावे लागतात.

या सगळ्यातलं एकच काही उद्यापासून करायचं असेल तर ते मोरीतच करता येईल. अंगासाठी पाणी हवं तेवढं गरम घ्या. डोक्यासाठी मात्र वेगळी छोटी बादली भरा, तिच्यात गार पाण्याचे दोन तांबे ओता, मनगटावर घेऊन पाहा आणि मगच ते डोक्यावर घ्या. संक्रांतीपर्यंत एवढं नेमाने करून पाहा.