गद्धेगाळीचा धाक

राजाज्ञा दगडावर कोरली म्हणजे ती पाळली जातेच असे नाही, याची जाणीव कोकणच्या शिलाहार राजांना निश्चितच असावी. त्यांच्या काळापासून उभारल्या गेलेल्या गद्धेगाळी हा त्याचा पुरावा होय. मराठीच्या अतिप्राचीन लेखांत गणला जाणारा, अलिबागनजीकच्या आक्षीचा लेख अशाच शिळेवर आहे. या शिळांच्या शिरोभागी चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि तळाशी गाढव व स्त्री यांचे अश्लील शिल्प असते. दान चंद्रसूर्य असेतो चालावे. जो ते मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होईल, हा त्याचा अर्थ. निरक्षरालाही तो कळत असे.

दान दिलेल्या जमिनीचे उत्पन्न हा मोहाचा विषय. गावोगावी पहारा ठेवणे सत्तेला परवडणारे नव्हते. शाप मात्र स्वस्त होता. शिवाय दान मोडण्याचे सामर्थ्य रयतेपेक्षा अधिकाऱ्यांत आणि भावी राजांत अधिक. म्हणजे येथे सत्ता सत्तेलाच धाक घालीत होती.

परंतु या स्वस्त धाकाची किंमत कोणी मोजली? अपराध एकाचा आणि अब्रू वेठीस धरली ती त्याच्या आईची.

आज अनेक शिळांवरील अक्षरे झिजली आहेत. काहींना शेंदूर फासून त्यांची पूजाही होते. आज्ञा विस्मृतीत गेली, भय तेवढे उरले. कारण न पटवता केवळ धाकावर उभ्या राहणाऱ्या आज्ञेची गती याहून निराळी नसते.